रावणाचं आठवं डोकं

उल्काने फुटक्या टीव्हीच्या खोक्यात हात घातला, तर आतून बाळाचं वापरलेलं डायपर निघालं. त्यालाही कोणीतरी गोळ्या मारल्या होत्या. तीन भोकं होती. हातात जाड मोजे होते तरी तिला बोटांपर्यंत किळस आली. तिने ते चिमटीत धरून पिशवीत टाकलं आणि तोंडावरचा रुमाल पुन्हा नीट बांधला.

एप्रिलमधला शनिवार होता, स्वयंसेवकांच्या सफाईचा. बर्फ वितळलं होतं आणि हिवाळाभर त्याखाली झाकलेलं सगळं वर आलं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावापासून गाडीने चाळीस मिनिटांवर सरकारी जंगलात मुरमाची एक जुनी खाण आहे, तिथे लोक हौसेने नेमबाजी करायला येतात. जंगल सगळ्यांचं, त्यामुळे तिकीट नाही, रखवालदार नाही. प्रवेशाशी एक पाटी आहे. कागदी टार्गेट वापरा, मागच्या मातीच्या बांधाच्या आतच नेम धरा, आणलेलं सगळं परत न्या. त्या पाटीला निदान चाळीस गोळ्या लागलेल्या होत्या. माणसं एवढी कशी घाण असू शकतात, हा प्रश्न सकाळपासून उल्काच्या डोक्यात भुणभुणत होता. प्रिंटर होते, मायक्रोवेव्ह होते, गॅसचा सिलिंडर होता, एक अख्खा फ्रिज होता. फ्रिजच्या आत काय आहे ते बघायची कोणाची हिंमत होत नव्हती. काडतुसांच्या पुंगळ्या तर इतक्या होत्या की पाय ठेवला की खळखळ वाजायचं.

ही खाण बंद व्हावी म्हणून उल्का सहा महिने झटत होती. गुरुवारी संध्याकाळी जंगल खात्याची सुनावणी होती. इथे नेमबाजीला कायमची बंदी घालायची की नाही, ते त्यानंतर ठरणार होतं. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. बाकीचे कचऱ्याबद्दल आणि गोळ्यांतल्या शिशाबद्दल बोलणार होते. उल्का आपल्या मुलीबद्दल, रुहीबद्दल बोलणार होती.

गेल्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी ती आणि रुही इथल्याच ट्रेलवर चालायला आल्या होत्या. खाणीच्या बांधामागून तो ट्रेल जातो. उल्का ओढ्याशी बाटली भरायला थांबली आणि रुही पुढे गेली. बंदुकीचे आवाज येतच होते, पण या जंगलात ते येतातच. मग एक आवाज झाला आणि पाठोपाठ फट्‌ असा दुसराच आवाज आला. रुही धावत परत आली. तिच्या डोक्याच्या वर वीतभर, बीच जातीच्या झाडात गोळी घुसली होती. केसांत सालीचा भुगा पडला होता. पोरगी रडली नाही की ओरडली नाही, नुसती आईचा हात धरून गाडीपर्यंत चालत आली.

त्या संध्याकाळी तिचा नवरा संग्राम घरी आला आणि त्याला हे कळलं, तेव्हा तो पांढराफटक पडला. त्याने रुहीला जवळ घेतलं, ती लाकडासारखी उभी राहिली. मग त्याने तोंड सोडलं. ही पिकअप ट्रकवाली माणसं, ढुंगण धुवायची अक्कल नाही आणि हातात बंदूक. बंदीसाठीच्या उल्काच्या अर्जावर पहिली सही त्याचीच होती. संग्राम स्वतः नेमबाजी करायचा. तो कोल्हापूरचा, आजोबांकडे लायसन्सची बंदूक होती. ग्रीन कार्ड झाल्यावर त्याने रायफल घेतली आणि दर खंडेनवमीला तिची पूजा सुरू केली. हळदकुंकू उल्काच वाहायची, नाक मुरडत का होईना. पण तो क्लबच्या रेंजवर जायचा. तिथे नियम असतात, इन्स्ट्रक्टर असतो, कानाला मफ असतात. ऑक्टोबरनंतर त्याने तेही सोडलं. मूडच होत नाही, म्हणाला. उल्काला तेव्हा त्याच्याबद्दल फार माया वाटली होती.

त्या सफाईच्या शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास ती बांधावर चढली. वर काही नसतं, गोळ्या अडवायचा तो बांधाचा खालचा उतार. पण वरच्या बाजूला दोन लाकडी खांब रोवलेले दिसत होते. खांबांना तार गुंडाळलेली होती. खाली पाचोळ्यात करवंट्या पडल्या होत्या.

करवंट्या. पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात.

तिने काठीने पाचोळा बाजूला केला. झेंडूची काळी पडलेली माळ निघाली. मग प्लायवूडचा एक तुकडा, त्यावर मिशी. मग दुसरा, त्यावर अर्धा मुकुट. तिसरा तुकडा पालथा होता. तिने तो उचलला आणि मागच्या बाजूला निळ्या रंगात, देवनागरीत, मोठ्या कष्टाने काढलेलं नाव वाचलं. रुही.

तिने तो सुलटा केला. जांभळा चेहरा, सोनेरी डूल आणि दातांना तारा. रावणाच्या दातांना तारा बसवायची कल्पना रुहीचीच, कारण तेव्हा तिला नुकत्याच बसल्या होत्या. डोळ्यांच्या जागी दोन भोकं होती. कपाळावर चार.

गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या दसऱ्याला नागपूरच्या मंडळींनी रावण जाळायचा हट्ट धरला होता. कोल्हापूर-पुण्याकडे कोण रावण जाळतो, पण इथे आलं की सगळ्यांचे सण एकाच पातेल्यात शिजतात. मंडळातल्या जगन्नाथकाकांनी गॅरेजमध्ये करवतीने दहा डोकी कापून दिली, मराठी शाळेच्या दहा मुलांनी एकेक रंगवलं. आणि ऐन वेळी हॉलवाल्यांनी सांगितलं, आवारात आग पेटवायची नाही. रावण नुसता उभा राहिला, त्याच्यासमोर फोटो निघाले, आणि दुसऱ्या दिवशी रविवारी मंडळातलाच राजेश त्याला आपल्या ट्रकमध्ये घालून कचऱ्याच्या डम्पला टाकायला घेऊन गेला. मदतीला संग्राम आणि अजून दोघं. तिकडून परस्पर क्लबवर जाऊ, असं संग्राम म्हणाला होता.

डम्प रविवारी बंद असतो. उल्काला हे आठ वर्षांपासून माहीत होतं, तेव्हा लक्षात मात्र आलं नव्हतं.

ती तिथेच उभी राहिली. दहा डोकी आभाळावर उठून दिसावीत म्हणून रावण बांधावर उभा केला होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बांधाच्या आत नेम धरायचा असतो. बांधावर धरलेला नेम पुढे जातो. तिने वळून पाहिलं. पलीकडच्या उतारावर ट्रेल होता, आणि ट्रेलवर ते बीचचं झाड. इथून त्याची जखमसुद्धा दिसत होती.

सकाळपासून ती ज्या लोकांच्या नावाने बोटं मोडत होती, त्यांची गाडी तिच्या ड्राइव्हवेमध्ये उभी असायची.

सफाईची मुख्य कॅरल नावाची बाई खालून वर आली. तिने ते डोकं पाहिलं, मागची अक्षरं पाहिली आणि ही कुठली भाषा, म्हणून विचारलं. उल्काने मान हलवली. माहीत नाही, म्हणाली. जन्मापासून जी भाषा बोलत आली, ती माहीत नाही. बाकीचे तुकडे तिने स्वतःच गोळा केले, नावं खाली करून कचऱ्याच्या ट्रेलरमध्ये टाकले. आठवं, रुहीचं हे एक मात्र तिने आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं आणि वर चादर टाकली.

पाच दिवस ते तिथेच होतं. पाच दिवस ती पोळ्या लाटत होती, ऑफिसला जात होती, आणि संग्राम ताटात भाजी वाढून घेताना त्याच्या हाताकडे बघत होती. भात कालवणारी ती बोटं बघून तिला घास गिळवत नव्हता. विचारायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं. एकदा त्याला ऑफिसचा फोन आला. दुसऱ्यांदा त्याने तिचं भाषण मागितलं, एक नजर टाकतो म्हणाला.

नजर त्याने आधीही टाकली होती, फेब्रुवारीत. तेव्हा त्याने एकच दुरुस्ती केली होती. तिने घटनेची तारीख लिहिली होती, ती त्याने खोडली.

"तारीख कशाला? नुसतं लास्ट फॉल म्हण. डेट टाकली की लोक क्रॉस-चेक करत बसतात."

याला प्रेझेंटेशनची सवय आहे, याला कळतं, असं तिला तेव्हा वाटलं होतं. शी. तिला आता स्वतःच्या भोळेपणाचीही शिसारी आली.

गुरुवारी पाच वाजता उल्का गाडीत पुढे बसून कागद वाचत होती. संग्राम वर शर्टाला इस्त्री करत होता. वडील म्हणून तोही बोलणार होता. रुही सोळाची झाली होती, तिला शिकाऊ परमिट मिळालं होतं आणि आज मी ड्राइव्ह करणार, असं तिने सकाळीच जाहीर केलं होतं. तिने बॅग टाकायला मागचं दार उघडलं. बॅग टाकताना चादर सरकली.

उल्काने आरशात पाहिलं. रुही वाकून उभी होती.

"अगं, ते जगन्नाथकाकांनी परत दिलं," उल्का घाईने म्हणाली. "गॅरेज साफ करताना सापडलं त्यांना."

रुहीने चादर पूर्ण काढली, घडी केली आणि बाजूला ठेवली. मग ती येऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली.

"आई, आय नो."

मग तिने सांगितलं, निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत, समोरच्या गॅरेजच्या दाराकडे बघत. ट्रेलवर ती पुढे गेली तेव्हा बांधापलीकडून हसण्याचा आवाज येत होता. माणसं मोजत होती. पाच गेली, सहा गेली, सात. मराठीत. तिला आधी मजा वाटली, हाक मारायला ती थांबली. ती थांबली म्हणून झाडाजवळ होती. तेवढ्यात बाबा म्हणाला, आता आठवं माझं.

उल्काला आठवलं की त्या दिवसापासून रुही मराठी शाळेत गेली नव्हती. बापाशी तर ती मराठी बोलायचीच बंद झाली होती. बाबाने काही विचारलं की यस, नो, फाइन. टीनेजर आहे, संग्राम म्हणायचा, सगळ्यांचीच अशी होतात.

"मला का नाही सांगितलंस, बाळा?"

"तू त्याला घरातून काढलं असतंस."

उल्काने कागद मांडीवर ठेवला. काढलं असतं, हे खरं होतं. आज काय करणार होती, ते तिला ठाऊक नव्हतं.

"गोळीचं मला नाही वाटत एवढं," रुही म्हणाली. "दॅट वॉज ॲन ॲक्सिडेंट. पण प्रोग्रामला मी बाबाला दाखवलं होतं. बघ, डावीकडून आठवं, ब्रेसेसवालं, ते माझं. तो म्हणाला, मस्त आहे." तिने स्टिअरिंगवर अंगठा घासला. "त्याला आठवत होतं का गं, की ते माझं आहे?"

आठवत असेल तर वाईट आणि आठवत नसेल तर आणखी वाईट. उल्काने पर्समधून पेन काढलं. तिने 'लास्ट फॉल' वर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, रविवार, तेरा ऑक्टोबर, दुपारचे सव्वातीन. त्याखाली एक ओळ सोडून लिहिलं, गोळी झाडणाऱ्याला मी ओळखते.

घराचं दार लागल्याचा आवाज आला. संग्राम निळा शर्ट घालून, हातात फोल्डर घेऊन आला. रुही चालवायला बसली की पुढे शेजारी बसायचं काम नेहमी त्याचं असायचं, म्हणून तो पुढच्या दाराशी आला आणि उल्का उठेल म्हणून वाट बघत उभा राहिला. उल्का उठली नाही.

"बाबा," रुही म्हणाली, "आज तू मागे बस."

संग्रामचा चेहरा उजळला. सहा महिन्यांनी लेक त्याच्याशी मराठीत बोलली होती.

"बसतो की," तो म्हणाला. "तू सांगशील तिथे बसतो."

त्याने मागचं दार उघडलं.

दार उघडं राहिलं. गाडी टिंग टिंग वाजत राहिली. समोरच्या घरातले गृहस्थ कुत्र्याला घेऊन बाहेर पडले, हात हलवून पुढे गेले. मायलेकींपैकी कोणी मागे वळलं नाही. बऱ्याच वेळाने गाडीचा मागचा भाग थोडा दबला आणि दार लागलं. सीटवर बॅग होती, फोल्डर होता. रावणाचं डोकं ठेवायला दुसरी जागा नव्हती. त्याने ते मांडीवर घेतलं.

"उल्का," तो म्हणाला. "ती तारीख..."

"लिहिली," उल्का म्हणाली.

रुहीने मधला आरसा वाकवला, मागची काच दिसेपर्यंत, आणि त्यात दिसणाऱ्या बाबाकडे न बघता गाडी रिव्हर्समध्ये घेतली.