डावा पीळ, उजवा पीळ

मी रहाट बोलतोय. विहिरीवरचा नव्हे. त्याचं बरं असतं, पोहरा वर आला की तो सुटला. मी दोर वळणारा रहाट. श्रीवर्धनच्या किनाऱ्याजवळ, रावजीशेटांच्या सुपारीच्या जुन्या वखारीत मी जमिनीत रोवलेला आहे. इतक्या वर्षांत जागचा हललो नाही, पण स्वस्थ म्हणून कधी बसलो नाही. आत्ताही माझा दांडा थांबलाय आणि आत नुसती घालमेल चाललीय. ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

एकोणपन्नास साली सदू सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं. माझे तीन आकडे त्याने मोडक्या होडीच्या खिळ्यांपासून वाकवले. ऊन तापलं की मी कुरकुरायचो. "द्वाड कार्टं हाय," म्हणून तो माझ्या कण्यावर थाप मारायचा.

शाळेतल्या मास्तरांच्या पत्नी कृष्णाबाई यांनी तेव्हा वखारीत 'उद्योगमंदिर' काढलं होतं. देश स्वतंत्र झाला, आता बायकांच्या हातांनाही काम हवं, हे त्या दिसेल त्याला ऐकवत. एका कोपऱ्यात टोपल्या विणल्या जात, दुसऱ्यात सदू लाकडी बैल रंगवी, आणि मधोमध मी. एकीने माझा दांडा फिरवायचा आणि दुसरीने ओटीतला काथ्या सोडत उलट्या पावली मागे मागे जायचं. माणसं पुढे जाण्यासाठी धडपडतात म्हणे. माझ्याकडे मागे गेल्याशिवाय काम पुढे सरकत नसे.

दांडा बहुतेक वेळा ठमीच्या हातात असे. ठमीचा नवरा कराचीला गोदीत होता. सत्तेचाळीस साली देश दुभंगला आणि त्याची पत्रं बंद झाली. कपाळाला कुंकू, पण माणसाचा पत्ता नाही. ती दिराकडे राहायची. जाऊ रोज भाकरीबरोबर एक टोमणा वाढायची. भाऊ माणगावकडच्या खेड्यात होता, तो न्यायला येई. पण ती हटत नसे. "मी हितनं हालले तर कागद कुठं यायचा?" एवढंच म्हणे. इथे राहायचं तर पोटाला काम हवं, आणि काम माझ्यापाशी होतं. पोस्टमन वखारीवरून जाताना तिच्या हाताची गती चुकायची. ते मला कळायचं, बाकी कुणाला नाही.

मंदिरात दोन गट. ठमीसारख्या नारळी-पोफळीच्या वाडीतल्या बायका, आणि कोळवाड्यातल्या बायका. कोळणींची म्होरकी नीराबाई, साठीची, आवाजाने खणखणीत. वाडीतल्या बायका दांडा उजवीकडे फिरवीत आणि कोळणी डावीकडे. दोन्हीकडच्या आज्या-पणज्यांपासून तसंच चालत आलेलं.

"आमचा पीळ भिजला का आवळतो," नीराबाई सांगे. "तुमचा दोर बैल बांधाया बरा. होडीला न्हाय."

"आन् तुमच्या दोराला माशाच्या वासानं मांजरं लागतात त्याचं काय?" ठमी विचारी, आणि टोपलीवाल्याही हसत.

"सुंभ जळाला तरी पीळ जायचा न्हाय तुमचा," असं सदू दोघींनाही म्हणायचा. शेवटी कृष्णाबाईंनी वार वाटून दिले. काही वार वाडीचे, काही कोळवाड्याचे. भांडण मिटलं.

मग छपन्न साल आलं. त्या वर्षी सुपारी भरपूर झाली आणि रावजीशेटांना वखार परत हवी झाली. कृष्णाबाईंनी खूप विनवलं तेव्हा शेट म्हणाले, "पावसाआधी, आगोटीला माझा मालाचा मचवा किनाऱ्यावर ओढायचाय. तुमच्या दोराने तो वर आला, तर वखार तुमची. नाही आला, तर आठ दिवसांत मोकळी करा."

ठमीचा चेहरा उतरला. तिने दोन्ही हातांनी माझा दांडा घट्ट धरला आणि बराच वेळ फिरवलाच नाही.

दोर तीन पेडांचा करायचा ठरला; पेड वेगवेगळे वळायचे, मग तिन्ही एकत्र उलटे पिळायचे. आता इथे कृष्णाबाईंचा न्यायीपणा आडवा आला. मंदिराचा दोर, त्यात सगळ्यांचा हात हवा! दोन पेड वाडीचे, एक कोळवाड्याचा. सगळ्यांना पटलं. वाडीतल्या बायकांनी आपल्या रीतीने दोन पेड वळले. दुसऱ्या दिवशी कोळणी आल्या आणि त्यांनी आपल्या रीतीने तिसरा वळला. काल उजवीकडे फिरलो होतो तो मी आज डावीकडे फिरत होतो, आणि हे सगळं एकाच दोरात जाणार होतं! अगं बायांनो, हे एकमेकांशी नांदायचे नाहीत, म्हणून मी जिवाच्या आकांताने करकरलो. ठमीने लगबगीने येऊन माझ्या कण्यात खोबरेल घातलं. माझी वाचाच बसली.

वखारीच्या दारातून मला किनारा दिसतो. त्या दिवशी सारा गाव जमला होता. मचव्याखाली ओंडके घातले, दोराला चाळीस माणसं लागली. मचवा निम्मा वर आला आणि फाडकन आवाज झाला. माणसं वाळूत एकमेकांवर पडली, मचवा घरंगळत पाण्यात गेला. कुणाला लागलं नाही, एवढीच देवाची कृपा.

तुटलेला दोर वखारीत आणून टाकला. सगळ्यांनी वाकून पाहिलं. आधी तुटला होता तो कोळवाड्याचा पेड. झालं! वाडीतल्या बायकांनी तोंड सोडलं. कुजका काथ्या, आळशी हात, काय काय.  जन्मात नीराबाईच्या हातचा दोर तुटला नव्हता. ती तशीच घरी गेली. मला माझीच लाज वाटली. माझ्याच आकड्यावर तो पेड वळला होता आणि मला खरं माहीत होतं.

दुपारी सगळ्या पांगल्यावर ठमी एकटी माझ्यापाशी बसली. तिने दोर मांडीवर घेऊन उकलायला सुरुवात केली. तिचे दोन पेड सैल, लुळे पडलेले. तिसरा मात्र ताठ, गाठी पडेपर्यंत आवळलेला. तिने हातातल्या हातात पुन्हा पीळ घालून पाहिला. उकलला, परत घातला. मग कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी नीराबाई आपली टोपली न्यायला आली, तशी ठमीने दार अडवलं.

"मावशी, तुमचा पेड तुटला न्हाय, आमी तोडला. तिघांना एकत्र आमच्या उलट वळलं तवा आमचे दोन सैल पडले आन् तुमचा एकटाच आवळला. सगळा मचवा तुमच्या एकल्या पेडानं वढला."

नीराबाईने तो पेड हातात घेतला. अंगठ्याने त्याच्या गाठी चाचपल्या.

"उद्या समद्यांसमोर सांगशील?"

"सांगन. आमी डावा पीळ घालू. शिकवा मला."

"आन् नवीन दोन पेडांना काथ्या कुठला? आगोट तोंडावर आली." नीराबाईने टोपली खाली ठेवली. "तुमचं दोन सांधून घेता येतील. तिसऱ्याला मीच उजवं फिरवते."

ठमीने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं. मग नीराबाई माझ्यापाशी बसली. साठ वर्षांचा हात. दोन फेरे उजवीकडे जायचे आणि तिसरा आपोआप डावीकडे. ती स्वतःच्या मनगटावर चापट मारायची आणि पुन्हा सुरू करायची. पेड पुरा होईपर्यंत तिने कुणाला दांड्याला हात लावू दिला नाही. मी त्या दिवशी मुळीच कुरकुरलो नाही.

आठ दिवस सरायच्या आत पुन्हा दोर लावला आणि मचवा वर आला. रावजीशेटांनी तोंड वाकडं करून का होईना, शब्द पाळला. ठमी श्रीवर्धनातच राहिली. कागद मात्र आला नाही. आणि त्या दिवसापासून कोळवाड्याने आणि वाडीने मिळून उजवाच पीळ चालवला. नीराबाईने पुन्हा कधी डावं फिरवलं नाही.

पुढे नायलॉनचा दोर आला. कोळीसुद्धा तोच घेऊ लागले. मंदिरात पायपुसण्या होऊ लागल्या, त्यांना माझी गरज फारशी पडत नसे. मी कोपऱ्याकडे बघत तळमळत राहिलो.

परवा सकाळी नीराबाई नव्वदी गाठून गेली. तिची लेक रतन डोळे पुसत वखारीत आली. तिरडी बांधायला सुंभ हवा होता. दुकानात मिळाला असता, पण रतन म्हणाली, "आयेला दुकानातला नको."

ठमीने तिला हाताने थांबवलं. काथ्या काढला आणि रतनच्या ओटीत भरला. स्वतः माझ्यापुढे बसली. तिचे केस आता पांढरे झालेत. मला वाटलं, नेहमीसारखी फिरवील. तिने दांडा धरला आणि डावीकडे फिरवला.

हात अडखळत होता. तिने तो पुन्हा पुन्हा वळवला. रतन उलट्या पावली मागे जात होती. तिने बोटांतला सुंभ पाहिला आणि तिला रडू फुटलं.

"ठमीमावशे, हा आमचा पीळ!"

"तिचाच हाय गो," ठमी म्हणाली. "माझ्यापायी सोडला व्हता तिनं."

तेव्हापासून माझा दांडा तसाच उभा आहे. तुम्ही कधी या बाजूला आलात तर वखारीत डोकवा. उजवीकडे फिरवा, डावीकडे फिरवा, माझी काही तक्रार नाही. फक्त मला असं थांबवून ठेवू नका.