झाकणाच्या आतली बाजू

खारीच्या शेपटीचा एक केस. एकच.

सिरोंचाचा रस्ता पावसाळ्यात बंद असतो. सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे या थापेला पुरावा लागत नाही.

कोऱ्या चहात बुडवलेली, रुपयाएवढी पांढरी चकती.

शाळेचा फोटो. मागच्या रांगेतल्या गुरुजींचं मनगट, शेंगदाण्याएवढं.

बाराचा आकडा लाल, बाकीचे काळे. सातचा पाय ओलीनं खाल्लेला. दोनाजवळ हळदीसारखा ठिपका.

केस, चकती आणि फोटो घुग्घुसच्या इब्राहीम घड्याळवाल्याच्या टेबलावर होते. थाप कमलाबाईच्या घरी होती.

कमलाबाईचा नवरा देवराव गुरुजी ऑगस्टात कोरपन्याकडून सायकलनं येताना नाल्यात वाहून गेला. तिसऱ्या दिवशी सापडला. मनगटावर घड्याळ नव्हतं. त्याच आठवड्यात त्याचा बाप, लहानू, अर्धांगवायूनं चंद्रपूरच्या दवाखान्यात पडला होता. धक्का देऊ नका, असं डॉक्टरनं बजावलं. म्हणून म्हाताऱ्याला सांगितलं, देवरावची बदली सिरोंचाला झाली, रस्ता बंद म्हणून येता येत नाही.

म्हाताऱ्यानं मान डोलावली. घरी आणल्यावर, ऑक्टोबर लागला तसा मात्र रोज एकच प्रश्न विचारू लागला, "घड्याळ तेलपाण्याले देल्लं का?"

ते घड्याळ लहानूनं छप्पन साली चंद्रपुरात, बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या दिवशी, सोळा ऑक्टोबरला घेतलं होतं. देवरावला नोकरी लागली तेव्हा त्याच्या मनगटावर बांधलं. दरवर्षी सोळा ऑक्टोबरच्या आधी देवराव ते इब्राहीमकडे आणी आणि सोळाला सकाळी बापाच्या हाती देई. म्हातारा चावी भरून परत करी. एकोणीस वर्षं हे कधी चुकलं नव्हतं.

"मी म्हणून बसली, रस्ता बंद व्हायच्या आधी त्यांनी एका गुरुजीच्या हाती पाठवलं, तुमच्याकडं तेल टाकाले देल्लं," कमलाबाई म्हणाली. "आता कुठून आणू, भाऊ?"

"बाई, मी घड्याळ दुरुस्त करतो. मेलेलं उठवतो थोडंच!"

 ती फोटो टेबलावर ठेवून उभी राहिली. इब्राहीमनं डोळ्याला भिंग लावलं आणि ते मनगट पाहिलं. मग फोटो गल्ल्यात ठेवला.

आतली मशीन सापडली. तीन मेलेल्या घड्याळांची मिळून एक झाली. छोटा सेकंदकाटा सहाच्या वर, वेगळ्या गोलात फिरणारा, तसाच. अडचण डायलची होती. जुन्या डायलवर रेती फिरवली, पांढरा हात दिला, चहात पिवळा केला. आकडे त्या एका केसानं, एकोणीस वर्षांच्या आठवणीवरून काढले. बाराचा लाल फार ताजा दिसला, तो पुसून पुन्हा काढला. सातचा पूर्ण पाय काढून मग सुईनं कुरतडला.

शेजारचा चहावाला मुश्ताक डोकावला. "दुनिया जुनं नवं करून मागते, आन् तुम्ही नवं जुनं करून राह्यले? वरतून माझा चहा नासवता!"

"तुझा चहा प्याले नाई, पण रंगवाले चांगला आहे."

"फुकटात कलाकार झालो म्हणा की!"

पंधरा तारखेला घड्याळ तयार झालं. फोटोशेजारी धरलं तर इब्राहीमला स्वतःलाच शंका येईना. त्यानं झाकण लावायला घेतलं आणि लावण्याआधी, उस्तादानं शिकवल्याप्रमाणे, आतल्या बाजूवर सुईनं बारीक कोरलं: इ ८६. हात लावलेलं कोणतंच घड्याळ खुणेवाचून दुकानाबाहेर जात नसे.

सोळाला तो स्वतः घरी घेऊन गेला. कमलाबाई पाणी आणायला आत गेली. लहानूनं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. बारा पाहिला. दोनाजवळचा ठिपका अंगठ्यानं पुसून पाहिला. सातवर बराच वेळ थांबला, मग हसला.

"हेच."

इब्राहीम निघायला उठला. तेवढ्यात म्हाताऱ्यानं घड्याळ छातीवर पालथं घातलं, चालत्या हाताचं नख खाचेत घातलं आणि सवयीनं झाकण उडवलं.

झाकणाच्या आत एकोणीस खुणा असायला हव्या होत्या. ६७ पासून ८५ पर्यंत, इब्राहीमच्याच हातच्या. म्हातारा दरवर्षी त्या मोजायचा आणि नवी शोधायचा, हे ना कमलाबाईला माहीत होतं, ना इब्राहीमला. तिला वाटे, मामाजी चावी भरून राह्यले.

चकचकीत झाकणात एकच खूण होती.

लहानूनं ती वाचली. झाकण छातीवर तसंच राहू दिलं. वर पत्र्यावर चिमणी नाचत होती, तिकडे पाहत राहिला. इब्राहीमला आपली बोटं कुठं ठेवावी कळेना.

कमलाबाई पाणी घेऊन आली. "मामाजी, बरोबर आहे नं?"

"बरोबर आहे, बाई." त्यानं झाकण दाबून लावलं. चावी भरली. "देवरावले कळवजो, घड्याळ पोचलं."

"रस्ता उघडला का कळवतो."

"हो. घाई नाई."

दुसऱ्या दिवशी कमलाबाई घड्याळ घेऊन पुन्हा दुकानात. तिला काही उमगलं नव्हतं. "मामाजी म्हणते, इब्राहीमभाऊले सांग, मागच्या साऱ्या तारखा राहून गेल्या. त्याबी टाकून दे. म्हणजे काय भाऊ?"

"काम बाकी होतं, बाई. माझ्याच हातून राह्यलं."

ती फळीवर बसून राहिली. इब्राहीमनं झाकण उघडलं आणि कोरायला लागला: इ ६७. इ ६८. इ ६९. त्या वर्षी देवरावनं लग्नाचे पेढे आणले होते. इ ७०. प्रत्येक खुणेवर काजळी चोळून पुसायची, नाहीतर नवी दिसते. पंच्याऐंशीशी आल्यावर त्याला भिंग काढून डोळा पुसावा लागला.

ऑगस्टात, चंद्रपूरच्या दवाखान्यात, शेजारच्या खाटेवरच्या माणसानं लहानूला पेपर वाचून दाखवला होता: कोरपना रस्त्यावर नाल्याच्या पुरात एक शिक्षक वाहून गेला, नाव दिलेलं नव्हतं.