आखाड्यावरचा पुकारा

गिरधरआबांचा आवाज म्हणजे काय चीज होती, ते पारोळ्याकडच्या माणसांना विचारा! गावच्या जत्रेत कुस्त्यांचा पुकारा दरसाल त्यांचाच. आबांनी नाव घेतलं की मरगळलेला गडीसुद्धा शड्डू ठोकायचा. आणि नेमका त्यांच्याच गळ्यात कॅन्सर निघावा! डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून जीव वाचवला, पण आवाज गेला तो गेलाच. यंदा पंचांनी दुसरा माणूस बघायला घेतला, आणि आबांचं जेवणावरचं लक्षच उडालं.

त्यांची भाची नूतन धुळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिने शर्टाच्या बटणाएवढी चकती आणली. आतली चिप तर ज्वारीच्या दाण्याहून लहान. चकती गळ्याला चिकटवायची, नुसते ओठ हलवायचे. गळ्याच्या हालचालीवरून चिप शब्द ओळखते आणि खिशातल्या स्पीकरमधून बोलते.

"बोला मामा!"

आबांनी ओठ हलवले. खिशातून आवाज आला, "कृपया मला चहा द्यावा."

आबांची बायको झुंबरआक्का डोक्यावर पदर घेत आतून धावत आली. "हाऊ कोन साहेब वना घरमा?"

घरात साहेब कुठला आला! सगळे हसून लोळले. आबांना मात्र रडू फुटलं. त्यांनी चहा मागितला होता अहिराणीत, आणि बोलला भलताच कुणी गुळगुळीत माणूस! त्यांनी चकती उपटून नूतनच्या हातावर ठेवली. यापेक्षा मुका बरा, असं हातानेच सांगितलं.

चूक नूतनला लगेच उमगली. चिपला तिने पुस्तकी मराठी शिकवली होती, आवाजही तयार घेतला होता. मग पोरगी गावभर फिरली आणि ज्याच्या त्याच्या मोबाइलमधले जुन्या कुस्त्यांचे व्हिडिओ गोळा केले. आबांचा पुकारा कुणाकडे नव्हता? तो सगळा चिपला ऐकवला. आबांना समोर बसवून एकेक शब्द ओठांनी म्हणवून घेतला. आबा चिडायचे, तीही चिडायची, पण एवढीशी ती चिप रोज थोडी शहाणी होत गेली.

जत्रेच्या दिवशी आबा फेटा बांधून आखाड्यात उतरले. पंच धास्तावलेले, आक्काचा जीव टांगणीला. नूतनने आबांच्या गळ्यावरची चकती लाऊडस्पीकरला जोडली.

"सरका रे बठ्ठा मांगे! आखाडामा लोटन पैलवान वना!"

अरे, तोच आवाज! तीच खरखर, तोच झटका! सगळे मागे सरकले, शिट्ट्यांनी रान दणाणलं, टोप्या उडाल्या. लोटन पैलवान कुस्ती सोडून आबांच्या पाया पडायला धावला. नूतन तर भर आखाड्यात नाचली.

घरी आल्यावरही आबा थांबेनात. आधी कुस्त्या, मग कापूस, मग भाजीतलं मीठ. शेवटी आक्का वैतागली.

"कितलं बोलतस तुम्ही! आते जराखं गप बसा ना!"

म्हणाली खरी, आणि हसता हसता तिलाच रडू आलं. वर्षभरात आबांना गप्प बस म्हणायची वेळच कुणावर आली नव्हती.

"नही!" आबांनी ठणकावून सांगितलं, आणि मिठाचा विषय पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.