लिंबाचे रक्त आणि कडेची भेग

कामोठ्यातील त्या बांधकामावर सकाळीच गर्दी जमली होती. पायासाठी खणलेल्या खोल खड्ड्याच्या कडेला वामनमहाराजांनी फडक्यात गुंडाळलेली सुरी काढून लिंबू कापले आणि त्यातून लाल रस ठिबकला.

"रक्त! भूमीला बळी पायजे!" कोणीतरी ओरडले.

आदल्या दिवशी कडेची माती ढासळून नामा या मजुराचा पाय मोडला होता. खाली उतरायला कोणी धजेना, म्हणून बिल्डर धनेशने महाराजांना आणले. सुरक्षा सल्लागार म्हणून त्याने मलाही बोलावले होते; माझा सल्ला मात्र त्याला लांबलचक वाटला.

महाराजांनी नारळ फोडला, खोबऱ्याचा मोठा तुकडा झोळीत टाकला, सुरी 'तीर्था'त धुतली आणि दुसरे लिंबू कापले. रस स्वच्छ.

"शांत झाली माय! आता खडासुद्धा हलायचा नाही. उतरा, बाळांनो!"

सुगत या मजुराने शिडीवर पाय ठेवला. त्याच्या बायकोने, अस्मिताने, मागून त्याचा सदरा धरला. "थांबा हो! लिंबाचं ऐकून उतरता का?"

मी म्हणालो, "महाराज, सुरी गुंडाळलेले फडके द्या."

"त्याला विटाळ चालत नाही!"

अस्मिताने ते ओढूनच घेतले. त्यावर नारिंगी डाग होता. त्या 'शांत' लिंबाचा रस मी डागावर पिळला. डाग लालभडक झाला.

"आता कुणाचं रक्त हे, म्हाराज?" अस्मिताने विचारले.

मी सांगितले, "हे मिथिल ऑरेंज नावाचे रसायन. आम्लात लाल होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही रोज वापरत असू. पहिल्या वेळी ते पात्यावर वाळलेले होते. दुसऱ्या वेळी धुतले गेले. भूमीचा संबंध नाही."

लोक हसले. महाराज झोळी सावरत रिक्षाकडे निघाले.

"जाऊ द्या त्याला," धनेश म्हणाला. "तुमी सांगा काका, सेफ हाय का नाय? एका शब्दात."

"एका शब्दात सांगता आले असते, तर मीही लिंबूच कापले असते. कडेला ही भेग आहे. तिच्यावरच उपसलेल्या मातीचा ढीग आहे. बाजूंना आधार नाही. कड कधी सुटेल, मला ठाऊक नाही. तिच्याखाली माणूस उतरवू नये, एवढे ठाऊक आहे."

सुगतने पाय मागे घेतला.

ढीग हलवला, बाजूंना आधार दिले, मगच काम सुरू झाले. कड पडली नाही.

"बघा, काय पडलं का? उगाच टेन्शन दिलंत," धनेश नंतर म्हणाला. सुगत सकाळी खाली उतरत होता आणि संध्याकाळी वर येत होता. ते पाहायला गर्दी जमत नव्हती.

वाचकहो, न घडलेला अपघात कोणालाच दिसत नाही. भेग मात्र दिसते. लिंबू बाजूला ठेवा आणि वाकून ती पाहा.