कात्री थांबेना

महिपत पालांड्यांनी घरातल्या तिन्ही कात्र्या माळ्यावर लपवल्या, तर बायकोने, आनंदीबाईंनी, त्यांच्या दाढीचं ब्लेड शोधून काढलं. दुपारी महिपतरावांचा डोळा लागला होता तेवढ्यात हॉलचा पडदा खाली आला आणि त्याचे हातभर लांबीचे तुकडे लादीवर ओळीने मांडले गेले.

"पिशव्या शिवतेय," आनंदीबाई म्हणाल्या. मान काही वर केली नाही.

घरात पिशव्यांचा ढीग झाला होता. गोडदेवातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाकडे दोन-दोन, तीन-तीन गेल्या. आता शेजारणी त्यांना जिन्यात बघून दार लोटून घ्यायच्या.

आनंदीबाईंनी उभा जन्म लोकांचे ब्लाउज शिवले. चार वर्षांपूर्वी पार्किन्सन निघाला, उजवा हात आखडला आणि मशीनवर जुनी चादर पडली. मग गेल्या दिवाळीत डॉक्टरांनी आधीच्या औषधाला जोडून एक नवी गोळी दिली. महिन्याभरात हात सुटला. मशीनला तेल घालून देणारे महिपतरावच होते, आणि आता त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग यायचा.

आधी उशांचे अभ्रे गेले, मग चादरी, मग महिपतरावांच्या दोन चांगल्या पँट. सकाळच्या चहानंतर मशीनवर बसलेली बाई दिवेलागणीपर्यंत जागची हलत नसे. कुकर करपला तरी पत्ता नाही. महिपतराव ओरडून बघत, हातापाया पडून बघत. एकदा गणपतीसमोर शपथ घ्यायला लावली, ती दुसऱ्या दिवशी मोडली. एकदा दोन दिवस अबोला धरला, तर त्यांना तो कळलाही नाही. कधीकधी त्या रडायच्या. कळतंय मला, पण हात थांबत नाही, म्हणायच्या. आणि रडतारडता हात परत कापडाकडे जायचा. म्हातारपणी हट्टी झालीय, असं महिपतराव सगळ्यांना सांगत सुटले. सिल्व्हर पार्कला राहणारी मुलगी निशिगंधा आईची बाजू घ्यायची. पण आईच्या कपाटात ठेवलेला तिच्या लग्नाचा शालू कापला गेला, आणि आठ दिवस तिचाही फोन आला नाही.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी नेहमीसारखं हात उघड-मीट करायला सांगितलं, चालवून बघितलं. हात छान चालतोय, म्हणाले.

"जरा जास्तच चालतोय," महिपतराव बोलून गेले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एकेक विचारत गेले आणि महिपतराव पडद्यापासून शालूपर्यंत सगळं सांगत गेले. आनंदीबाई खाली बघत होत्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हा यांचा स्वभाव नाही. नव्या गोळीने हात सुटतात, पण काही जणांच्या मनाचा ब्रेकही सैल होतो. कुणी खरेदी करत सुटतं, कुणी खात सुटतं, कुणी एकच काम करत राहतं."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत? आठ महिने होत आले, मी हिला रोज शिव्या घालतोय."

डॉक्टरांनी सारवासारव केली नाही. सांगायला हवं होतं, चुकलं, म्हणाले. गोळी एकदम तोडता येत नाही, हळूहळू उतरवू आणि दुसऱ्या औषधाचा डोस थोडा वाढवू.

आनंदीबाई पहिल्यांदाच बोलल्या. "म्हणजे माझा हात परत काढून घेणार तुम्ही."

डॉक्टरांनी कागद ओढला आणि गोळी कमी करायचं वेळापत्रक लिहायला घेतलं.

पुढचा दीड महिना महिपतरावांना आधीच्या सगळ्या महिन्यांपेक्षा जड गेला. गोळी कमी झाली तशी आनंदीबाईंना घाम फुटे, जीव घाबरा होई, ताटावरून त्या तशाच उठत. पाय लादीला चिकटल्यागत होत. महिपतराव त्यांच्या कपड्याचं बटण लावून द्यायला गेले तरी चिडत. मधेच महिपतरावांना उशीखाली चार गोळ्या सापडल्या. कमी झाल्या तर खायला म्हणून आनंदीबाईंनी आधीच काढून ठेवलेल्या. ते इतके संतापले की जिना उतरून अर्धा तास नाक्यावर उभे राहिले. ओरडायचं कुणावर, हेच कळेना. बायकोवर तर आता ओरडताही येत नव्हतं.

डॉक्टरांनी समुपदेशक बाईंकडेही पाठवलं होतं. त्यांनी सांगितलं, शिवण बंद नको, शिवणाला वेळ ठरवा. रोज एक तास, एकच कापड, मोबाइलला गजर. गजर झाला की कात्री त्यांनी आपल्या हाताने द्यायची, तुम्ही हिसकायची नाही.

पहिले दहा-बारा दिवस गजर वाजून वाजून बंद पडे, कात्री चालूच राही, आणि महिपतराव दात आवळून शेजारी बसून राहत. निशिगंधा एक दिवस आली, तिने आईच्या हातातलं कापड बघितलं आणि भाजी चिरायला बसली.

गणपती झाले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात गजर वाजला. आनंदीबाई कापतच होत्या. महिपतरावांनी भिंतीकडे नजर लावली. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मग कात्री त्यांच्या मांडीवर येऊन पडली.

"घ्या. आणि लगेच उठून जा, नाहीतर परत मागेन," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांचा उजवा हात पुन्हा आखडू लागला होता.

महिपतराव कात्री घेऊन उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभे राहिले.