आठ सेकंद उभी

मी मॉलचे फोटो काढतो. मॉलमध्ये जाऊन स्वतःचे नव्हे, मॉलचेच, मालकांसाठी. लग्नाच्या फोटोंपेक्षा हे बरं. मॉल ऐन वेळी डोळे मिटत नाही आणि 'मी जाड दिसतेय' म्हणून त्याची मामी फोन करत नाही.

मालकांची मागणी सगळीकडे एकच: गर्दी दिसली पाहिजे, पण माणसं दिसता कामा नयेत. त्यावर उपाय आहे. कॅमेरा स्टँडवर ठेवायचा, लेन्सवर काळी काच चढवायची आणि शटर आठ सेकंद उघडं ठेवायचं. चालणाऱ्या माणसांचा धूर होतो. जे हलत नाही तेवढंच स्पष्ट येतं. खांब, कुंड्या, बाक.

आणि राधाआत्या.

परळच्या ज्या मॉलची ही गोष्ट, तिथे पूर्वी गिरणी होती. तिच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या यंत्रावर, आत्याने अकरा वर्षं उभ्याने काम केलं. दोनेक महिन्यांपूर्वी ती सहज बघायला म्हणून मॉलमध्ये गेली, गुडघे भरून आले, आणि दुसऱ्या मजल्यावर बुटांच्या दुकानासमोरच्या बाकावर टेकली. मांडीवर स्टीलचा डबा. मॅनेजर यशोधन सर स्वतः आले.

"आजी, काही खरेदी? नाही? मग उठा."

आत्या उठली. सरांनी खिशातून टिश्यू काढला आणि तिच्यादेखत बाक पुसला.

घरी आल्यावर आत्या बसलीच नाही. जेवण उभ्याने, भाजी निवडणं उभ्याने, मालिका उभ्याने. करी रोडला आमची खोली एकशेऐंशी फुटांची. तिच्यात एक कायम उभं माणूस म्हणजे वाढीव खांबच. आडवं होणं म्हणजे बसणं नव्हे, असा निकाल तिनेच दिल्यामुळे झोप तेवढी शाबूत राहिली. बाकीच्या शंका विचारायची कोणाची छाती झाली नाही. चाळीतल्या बायका येऊन बघून जायच्या. एकीने तर समोर नारळ ठेवला.

"आत्ये, गुडघे जातील गं."

"जाऊंदेत. ज्या मेल्यान माका उठवल्यान, त्याच्याच तोंडातसून 'बसा' येवक व्हया."

महिना असाच गेला आणि मला त्याच मॉलचा फोन आला. समोरच्या भिंतीवर चाळीस फुटी होर्डिंग लावायचं होतं. मी लगेच हो म्हटलं. एवढ्या लगेच मी आईलाही कधी हो म्हटलेलं नाही.

"सर," मी यशोधन सरांना म्हटलं, "फोकससाठी एक न हलणारी वस्तू लागेल."

"दुकानातला पुतळा घे."

"नको, माझी आहे."

शनिवारी भर दुपारी, गच्च गर्दीत, आत्याला मी त्याच बाकाशेजारी उभं केलं. हातात तोच डबा. मी शटर दाबलं. दुसऱ्या सेकंदाला यशोधन सर धावत आले. "तुम्ही परत? आजी, मागे काय सांगितलं होतं? चला, चला!" हात हलवत ते तिच्याभोवती फिरले. आत्याची पापणीही लवली नाही. गिरणीत पोरी डुलक्या काढत असताना चेहऱ्यावरून मुकादमाला पत्ता लागू न देणारी बाई ती.

"सर, छान. बोलत राहा," मी म्हटलं.

फोटोत सगळी गर्दी विरघळली. सरांचा झाला उदबत्तीचा धूर, सूट घातलेला. मधोमध रिकामा बाक आणि शेजारी लख्ख, एकेका सुरकुतीसकट, उभी आत्या.

मालक हितेंद्रशेठ विमानतळावर होते. त्यांनी तो फोटो मोबाइलवर, नखाएवढा पाहिला. "एलिगंट," म्हणाले. जाहिरातवाल्यांनी त्यावर ओळ टाकली: 'इथे प्रत्येकासाठी जागा आहे.'

तीन दिवसांत मॉलचा फोन तापला. भायखळ्याहून एका निवृत्त हेडमास्तरांनी विचारलं, बाक रिकामा असताना म्हातारीला शिक्षा कसली? लालबागच्या महिला मंडळाने होर्डिंगखाली सतरंजी अंथरली आणि बायका बसल्याच नाहीत. आत्याला पाठिंबा म्हणून सतरंजीवर उभ्या राहिल्या. एक जण आतल्या बाकाला हार घालून गेला.

हितेंद्रशेठ तडक परत आले. "यशोधन, त्या बाईला बसव!"

सरांनी मला फोन केला. "फोटोशॉपमध्ये बसव ना."

"बसत नाही सर. मी महिनाभर सांगतोय. तुम्ही सांगून बघा."

सर चाळीचे चार जिने चढून आले. आत्या उभी. त्यामुळे सरांनाही कोणी बसा म्हटलं नाही. धापा टाकत ते म्हणाले, "आजी, प्लीज, बसा."

"हंय नाय," आत्या म्हणाली. "थंय."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर महिला मंडळ, हितेंद्रशेठ, बुटांच्या दुकानातली झाडून सगळी पोरं आणि हेडमास्तर. सरांनी बाकाकडे हात केला. "बसा."

आत्याने बाकाकडे पाहिलं. मग त्यांच्या खिशाकडे.

"पूस आधी."

 सरांनी टिश्यू काढला, वाकले, बाक पुसला. मग आत्या बसली. गुडघ्यांचा आवाज बुटांच्या दुकानापर्यंत गेला. तिने मांडीवर डबा ठेवला, उघडला, लाडू काढला. सर निघायला लागले.

"सर, नवीन होर्डिंगचा फोटो," मी म्हटलं. "इथेच उभे राहा. आठ सेकंद. हलू नका."

हितेंद्रशेठ बघत होते. सर हलले नाहीत.

या वेळी ते एकदम लख्ख आले. हातातला टिश्यूसुद्धा.

होर्डिंग आमच्या गॅलरीतून दिसतं. आत्या संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसते आणि चहा पिता पिता चाळीस फुटी यशोधन सरांकडे बघते. काल बराच वेळ बघितल्यावर मला म्हणाली, "डावो कोपरो पुसूचो रवलोच मेल्याचो. बोलव त्याका."