बंद वॉर्डातला बोर्ड

सफाईच्या मावशी दारातच थबकल्या. “ताई, वरचा वॉर्ड दोन वर्षं बंद आहे ना? मग सकाळी सकाळी तिथला बोर्ड कोण लावतं?”

ताईंचे हात कीबोर्डवरच थांबले.

इस्पितळाच्या संगणकांत पडद्यामागे एकवीस सर्व्हिस, म्हणजे छोटे छोटे प्रोग्रॅम, राबत. कोणी तपासणीचे अहवाल पोचवी, कोणी औषधांच्या चिठ्ठ्या, कोणी वॉर्डाच्या भिंतीवरच्या डिजिटल बोर्डावर रुग्णांची नावं मांडी. रोज सकाळी एकेक उघडून ती चालू आहे ना हे बघायचं, हा ताईंचा अठरा वर्षांचा नेम. गेल्या आठवड्यात त्यांनी तो एका स्क्रिप्टला, आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या यादीला, शिकवला. सहाच्या ठोक्याला ती सगळ्यांची विचारपूस करी. कोणी निजलेली दिसली की हलवून उठवी. यादी ताईंना तोंडपाठ होती, कागद कशाला बघायचा? बंद वॉर्डाची, दोन वर्षं निजलेली बाविसावी सर्व्हिसही बोटांनी आपसूक लिहून टाकली.

साहेबांच्या मनात हे काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं होतंच. बोर्डाची गोष्ट कानावर येताच त्यांनी सुनावलं, की मेलेल्यांना उठवणारी स्क्रिप्ट काय कामाची; दुपारपर्यंत सुधारा, नाहीतर ती गुंडाळू आणि तुम्हालाही दुसरं टेबल बघू.

ताई मावशींबरोबर वर गेल्या. पडद्यांतून दुधासारखा उजेड झिरपत होता, पावलांचा आवाज धुळीत विरत होता. भिंतीवर बोर्ड शांत तेवत होता. उठल्यावर त्याला जे शेवटचं आठवलं, तेच तो दाखवत होता: अकरा खाटा रिकाम्या, आणि बाराव्या खाटेपुढे ताईंच्या आईचं नाव. वॉर्ड बंद झाला त्याच आठवड्यात ती इथेच वारली होती. नाव काढायचं राहून गेलं होतं.

“आजी होय!” मावशी हसल्या. “गरम पाणी मागायच्या नि वर म्हणायच्या, सावकाश आण, मी कुठे पळून चाललेय?”

ताईही हसल्या.

“राहू द्या की,” मावशी हळूच म्हणाल्या. “कोण येतंय इथे? साहेबांना मी नाही सांगायची.”

ताईंनी बोर्डाकडे पाहिलं. “आठ दिवस सहालाच उठवलं मी तिला. सकाळची झोप फार प्रिय होती हो तिला.”

मावशींना वरच ठेवून ताई खाली आल्या, त्यांनी यादीतली ती ओळ काढली आणि सर्व्हिस थांबवली. स्क्रिप्ट पुन्हा चालवली. एकवीस, सगळ्या चालू. साहेब पडद्याकडे बघून ठीक म्हणाले.

थोड्या वेळानं मावशी जिना उतरून आल्या. “विझला, ताई.”

“एकदम?”

“नाही. वरून एकेक ओळ गेली. बारावी सगळ्यांत शेवटी.”